पोथी आईची, निर्णयही आईचाच

प्रश्न : ताई, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आई 54 वर्षांची आहे, शाळेत शिक्षिका. तिच्या एका विधुर सहकाऱ्यांनी तिला लग्नाचं विचारलंय. तिलाही ते आवडतात, हे मला दिसतं. पण काका म्हणतात, विधवेनं कसं राहावं ते गुरुचरित्रात स्वच्छ लिहिलंय. आई दरवर्षी दत्तजयंतीला पारायण करते, त्यामुळे ती गप्पच झाली. मी पराशरस्मृतीतला पुनर्विवाहाला परवानगी देणारा श्लोक शोधलाय. काकांना तो कसा दाखवू? शास्त्र नक्की काय सांगतं?

उत्तर : दाखवूच नकोस. ‘नष्टे मृते प्रव्रजिते’ हा श्लोक खरा आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याच्याच आधारे बाजू मांडली आणि 1856 मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. पण त्याच्या पुढचे दोन श्लोक वाचलेस का? एकात ब्रह्मचर्यानं राहणाऱ्या विधवेला स्वर्ग सांगितलाय, दुसऱ्यात सती जाणारीला साडेतीन कोटी वर्षांचा स्वर्ग. काकांनी पान उलटलं की तुझा मुद्दा संपला. 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे याच विषयावर वाद झाला. विष्णुशास्त्री पंडित सुधारकांच्या बाजूनं उभे राहिले आणि निकाल विरुद्ध गेला. धोंडो केशव कर्व्यांनी तरीही 1893 मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलंच, आणि त्यांच्या गावच्या मुरूडकरांनी बहिष्कारही घातलाच.

मला खटकलं ते वेगळंच. काका म्हणतात पोथी सांगते, तू म्हणतेस स्मृती सांगते. आईला काय हवंय हे कुणी विचारल्याचं तुझ्या पत्रात कुठेच नाही.

काका सांगतात ते पोथीत नाही असं मात्र नाही. 31व्या-32व्या अध्यायांत सहगमनाची, म्हणजे सती जाण्याची थोरवी आहे, विधवेचे आचार आहेत : केशवपन, एक वेळ जेवण, पलंगावर न निजणं. यातलं काका काय मागतात? आईनं केस काढावेत असं ते म्हणत नाहीत. ती नोकरी करते, पगार आणते, त्याला हरकत नाही. बायकांनी हे पारायण करू नये असा दंडक कितीतरी घरांत आहे, तोही तुमच्याकडे मोडलेला दिसतो. 36व्या अध्यायात परान्न न घेणाऱ्या ब्राह्मणाची कथा आणि पहाटेपासूनचा नित्याचार आहे. काका त्यातलं किती पाळतात, ते तुलाच माहीत. म्हणजे पोथीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तुमच्या घरात माणसंच ठरवत आली आहेत. या वेळी ठरवताहेत काका आणि भोगायचंय आईनं, एवढंच.

आईच्या पारायणाची थट्टा करू नकोस. मी स्वतः देवधर्म करणारी नाही, पण बाबांच्या मागे त्या ओव्यांनी तिला सावरलं असेल, तर ते खोटं नव्हे. दुःखात आधार देणाऱ्या ग्रंथानं लग्नाचा, घराचा, पैशाचाही निवाडा द्यावा, ही अपेक्षा मात्र मला पटत नाही. तिला गीता ऐकवायचा मोह मलाही झाला. 18व्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. पण तिथून तिसऱ्याच श्लोकात ‘सर्व धर्म सोडून मला एकट्याला शरण ये’ आहे. तेव्हा राहू दे.

आईशी एकटीनं बोल, काका घरात नसताना आणि सप्ताह चालू नसताना. विचार, तुला भीती कुणाची वाटते? दत्तमहाराजांची, काकांची की शाळेतल्या लोकांची? दत्तमहाराजांची म्हणाली तर तिला वेळ दे. वाद घालू नकोस, ते तिचं तिनंच सोडवायचंय. उरलेल्या दोघांची म्हणाली तर तू तिच्या बाजूला उभी राहा आणि काकांना तूच सांग. ती सरळ ‘मला लग्न करायचं नाही’ म्हणाली, तर तेही मान्य कर. तुझ्या सुधारकपणासाठी तिनं बोहल्यावर चढायचं नाहीये.

आणखी एक. वारसाहक्कानं आईच्या नावावर आलेला वाटा पुनर्विवाहामुळे जात नाही. बाबांची फॅमिली पेन्शन ती घेत असेल, तर ती बंद होऊ शकते, त्याचे नियम बाबांच्या कार्यालयात विचार. राहतं घर कुणाच्या नावावर आहे, हेही बघून ठेव. काकांच्या शास्त्रप्रेमाचा त्या घराशी काही संबंध असेलच असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याशी बोलण्याआधी एखाद्या वकिलाला भेट.