शेअर तर मॅनेजर निवडेल, धीर कोण धरणार?

प्रश्न : माझे वय 44. एकरकमी पैसे हाती आले आहेत, पुढची 15 वर्षे ते लागणार नाहीत. आजवर स्वतःच शेअर घेत आलो. पण बाजार कोसळला की घाबरून विकतो आणि वर गेल्यावर पुन्हा घेतो. आता सगळी रक्कम पोर्टफोलिओ मॅनेजरकडे, म्हणजे फी घेऊन माझ्या वतीने शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या व्यावसायिकाकडे, सोपवावी असे वाटते. फी वर्षाला 2 टक्के, शिवाय 10 टक्क्यांवरच्या नफ्यात 20 टक्के वाटा. सोपवू का?

उत्तर : सोपवा, पण सगळी नको.

'घाबरून विकतो' हे तुम्ही सरळ लिहिलेत, ते फार बरे केलेत. तुमचा तोटा चुकीच्या शेअरपेक्षा चुकीच्या वेळेने केला आहे. रोजची खरेदी-विक्री मॅनेजरकडे गेली की घाईत बटण दाबणे थांबेल. मात्र पैसे काढून घेण्याचा अर्ज तुमच्याच हातात राहतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी 500 निर्देशांक ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात निम्म्याहून जास्त घसरला आणि जुनी पातळी गाठायला 2013 उजाडले. शिखरावर पैसे घातलेल्याला पाच वर्षांहून अधिक काळ मुद्दलापेक्षा कमी आकडा बघत बसावे लागले. तेवढा काळ तुम्ही तो अर्ज भरणार नाही, याची खात्री मॅनेजर देऊ शकत नाही.

15 वर्षे थांबले की नफा ठरलेलाच, असेही धरू नका. जपानचा निक्केई हा शेअर निर्देशांक 1989 च्या अखेरीस जिथे होता, ती पातळी त्याने थेट 2024 मध्ये ओलांडली. सगळा पैसा एकाच बाजारात किंवा एकाच क्षेत्रात अडकणार नाही ना, हे आधी विचारा.

फीबद्दल मला जास्त काळजी वाटते. 100 रुपये वर्षाला 10 टक्क्यांनी वाढले तर 15 वर्षांत 418 होतात. 8 टक्क्यांनी वाढले तर 317. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण फरक तुम्ही घातलेल्या मुद्दलाएवढा पडतो! नफ्यातला वाटा अजून यात धरलेलाच नाही. त्या वाट्याला 'हाय वॉटर मार्क'ची अट हवीच, म्हणजे गुंतवणुकीने आधीचा सर्वोच्च आकडा ओलांडला तरच वाटा. 100 चे 70 झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा 100 झाले, तर तुमच्या पदरात काहीच पडलेले नसते. पण ही अट नसेल तर त्या चढावरही मॅनेजर वाटा मागू शकतो.

अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफेट यांनी 2008 ते 2017 अशी दहा वर्षांची पैज लावली होती : एका बाजूला कमी खर्चाचा इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर घेऊन ठेवणारा फंड), दुसऱ्या बाजूला हेज फंडांत (मॅनेजर जास्त फी घेऊन चालवतात असे फंड) गुंतवणारे पाच फंड. पाचही मागे पडले. चांगले मॅनेजर नसतातच असे मी म्हणत नाही, काही उत्तम आहेत. पण ते आधी ओळखणे कठीण असते आणि खर्च मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो.

म्हणून दोन वर्षांचा घरखर्च सुरक्षित ठेवीत बाजूला काढा. घसरणीत विकायची वेळ बहुधा तिथूनच टळते. उरलेल्यातला निम्मा भाग इंडेक्स फंडात घाला. राहिलेला मॅनेजरला द्या, तोही एकदम नाही, वर्षभरात समान हप्त्यांनी. एकदम घातल्यास परतावा थोडा जास्त मिळण्याची शक्यता असते, हे मान्य. पण तुमचा स्वभाव पाहता हप्तेच बरे.

करारावर सही करण्याआधी मॅनेजरकडून दहा वर्षांचा, सर्व खर्च वजा केलेला परतावा मागा, त्यातले सर्वात वाईट वर्ष धरून. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर सही करू नका.