सासरे दिवसभर बाजेवर पडून असतात

प्रश्न : सासरे ७८ वर्षांचे. वावर मुलांकडे दिल्यापासून ते सपरीतल्या बाजेवर पडून असतात, कोणाशी बोलत नाहीत. रात्री मात्र जागे. काय करावं? – एक सून, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी कान तपासा. त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून हळू आवाजात दोन-तीन आकडे बोला आणि परत म्हणायला लावा. जमलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता मळ साचलेला असतो. घरी गरम तेल ओतू नका. मोतीबिंदूचंही पाहून घ्या. ऐकू येत नाही म्हणून गप्प बसलेल्या माणसाला घरचे 'चिडका' ठरवून मोकळे होतात!

मग काम द्या, पण खरं. पाव किलो तूर पांढऱ्या कापडावर पसरा. किडका दाणा पटकन दिसतो. पाच किलोचं सूप पुढ्यात ठेवलं, की दुसऱ्या दिवशी ते हात लावणार नाहीत. आणि त्यांनी निवडलेलं त्यांच्यासमोर पुन्हा निवडू नका. सगळं तिथेच बिघडतं. पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासायला सांगा : ओल्या गोणपाटात १०० दाणे, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्याने कोंब मोजायचे. हिशेब त्यांचाच.

दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी पारापर्यंत चालवा. मे महिन्यात नऊच्या आत घरी.

दोन आठवडे जेवण तुटलं किंवा 'आता कशाला जगायचं' असं बोलणं आलं, तर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत सरकारी क्रमांकावर (टेलि-मानस) मराठीतही बोलता येतं.