काटा खोटा की इंजिन खरंच तापतंय?

प्रश्न: आमच्या शिडाच्या बोटीत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. आत कूलंट, आणि ते गार करायला हीट एक्स्चेंजरमधून समुद्राचं पाणी. आयडलला (लोडशिवाय संथ चालताना) तापमानाचा काटा 80 अंशांवर स्थिर असतो, पण 2600 आरपीएमवर वीस मिनिटं चालवलं की 98 पर्यंत चढतो. पॅनेलचा दिवा लावला की तापमान आणि ऑइल प्रेशर, दोन्ही काटे एकदम हलतात. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर (रबरी पात्यांचं चाक) बदलला, जुन्याची दोन पाती तुटली होती. फरक पडला नाही. बिघाड मीटरमध्ये आहे की इंजिनात?

उत्तर: दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत असं दिसतं. दिव्याबरोबर दोन्ही काटे हलणं हे पॅनेलच्या अर्थिंगचं लक्षण आहे. दोन मीटर एकाच वेळी बिघडत नाहीत. पॅनेलमागची काळी (अर्थची) वायर आणि इंजिनाजवळचा हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) प्लग उघडा. हिरवट गंज आढळला तर नुसतं घासून भागवू नका, टर्मिनल नवीन लावा.

मग मीटर तपासा. इंजिन बंद, चावी चालू ठेवून तापमानाच्या सेंडरची (इंजिनावर बसवलेल्या, मीटरला तापमान कळवणाऱ्या सेन्सरची) वायर काढा. काटा थंडाच्या टोकाला गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवा, काटा गरमच्या टोकाला गेला पाहिजे. तसं झालं तर मीटर आणि वायर ठीक आहेत. सेंडर एका वायरचा असेल तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. अर्थिंग तुटतं आणि इंजिन तापलेलं असतानाही काटा थंड दाखवतो, जे जास्त धोक्याचं. शेवटी थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर काळी चिकटपट्टी लावून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा (चकचकीत धातूवर आकडा चुकतो).

तिथेही 95 च्या पुढे आकडा आला तर ताप खरा. आयडलला ठीक आणि लोडवर गरम, म्हणजे पाणी येतंय पण पुरेसं नाही. तुटलेली ती दोन पाती कुठे गेली? तुमच्या पत्रातला हाच धागा मोलाचा. रबराचे तुकडे पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि बहुधा एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. सीकॉक (बोटीत समुद्राचं पाणी आत घेणारी झडप) बंद करून पंपापासून एक्स्चेंजरपर्यंतचा होज काढा, मग एक्स्चेंजरची एंड-कॅप (टोकाचं झाकण) उघडा. नळ्यांच्या तोंडाशी रबर, झिजलेल्या झिंकचे (गंज स्वतःवर घेणाऱ्या जस्ताच्या कांडीचे) तुकडे आणि पांढरा क्षार सापडेल. तुकडे हाताने काढा, पुढे ढकलू नका. नंतर गोड्या पाण्याने उलट्या दिशेने धुवा. इम्पेलरच्या दोन्ही पात्यांचे तुकडे जुळेपर्यंत शोध थांबवू नका. बसवताना गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीन घाला, झिंकही तपासा.

एक्स्चेंजर स्वच्छ निघाला तर एक्झॉस्ट एल्बो (धुरात समुद्राचं पाणी मिसळतं तो वाकडा पाइप) काढून आत बघा. पाणी मिसळतं त्या जागी काजळी आणि क्षार साचून भोक चिंचोळं होतं. पाणीही अडतं, धूरही. समुद्राच्या पाण्याच्या गाळणीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तिथून पंप हवा ओढतो. थर्मोस्टॅट भांड्यात गरम पाण्यात बुडवून बघा, त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडायला लागला पाहिजे. प्रोपेलरवर शंख-शिंपले साचले असतील तर त्या आरपीएमला इंजिनावर लोड वाढतो, तेही बघा.

सीकॉक उघडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, नवा इम्पेलर कोरडा फिरून पुन्हा तुटेल. आणि इंजिन तापलेलं असताना कूलंटचं झाकण अजिबात उघडू नका.