वाहन-प्रश्नोत्तरे : ‘60 हजारच चाललेले’ जपानी इंजिन

प्रश्न : माझी 2004 सालची टोयोटा कोरोला (1.8 लिटर पेट्रोल, हाताने गिअर टाकण्याची) चोपडा-जळगाव अशी रोज धावते. गाडी हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल खाते आणि सकाळी सुरू करताना निळा धूर सोडून थोड्या वेळाने शांत होते. येथील मेकॅनिक इंजिनकाम सुचवतात. मुंबईचा एक व्यापारी मात्र जपानहून आलेले, 60 हजार किलोमीटर चाललेले इंजिन घ्या, असा आग्रह धरतो. जपानात तेवढ्या चालीनंतर गाडी मोडीत काढावीच लागते, असे त्याचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : तसा कोणताही नियम जपानात नाही. तेथे नव्या खाजगी गाडीची ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. गाडी जुनी होत जाते तसा त्या वेळचा दुरुस्तीखर्च वाढतो, त्यामुळे अनेक मालक चालती गाडी काढून टाकतात. चांगली इंजिने बाजारात येतात ती या कारणाने. मात्र म्हणून प्रत्येक इंजिन कमी चाललेलेच असते, असे ठरत नाही. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये असतो, इंजिनावर नाही. गाडीपासून सुटे झालेले इंजिन 60 हजार चालले की 1 लाख 60 हजार, हे त्याच्याकडे पाहून कोणालाच सांगता येणार नाही. ज्या गाडीतून ते काढले तिचा चासी क्रमांक आणि जपानात ती लिलावात विकली गेली त्या वेळचा तपासणी कागद व्यापाऱ्याने दाखवला, तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

शिवाय आकडा खरा निघाला तरी तेवढ्याने भागत नाही. शहरातल्या वाहतुकीत ताशी सरासरी 20 किलोमीटरने 60 हजार किलोमीटर चाललेले इंजिन 3 हजार तास फिरलेले असते, आणि तेवढ्याच तासांत महामार्गावर ताशी 60 ने धावणारी गाडी 1 लाख 80 हजार किलोमीटर कापते. त्यातच सुटे इंजिन गोदामात आणि कंटेनरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिले, तर रबरी सील कडक होतात आणि सिलिंडरच्या भिंतींवर गंजही धरू शकतो.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तुमच्या गाडीतले वनझेडझेड इंजिन सुरुवातीच्या काळात ऑइल खाण्यासाठीच बदनाम झाले होते, कारण पिस्टनमधली ऑइल परत जाण्याची छिद्रे अपुरी होती आणि ऑइल-रिंगा (सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल पुसणाऱ्या पिस्टनवरच्या कड्या) काजळीने चिकटत असत. पुढे कंपनीने पिस्टन सुधारले. व्यापाऱ्याचे इंजिन 2000-01 सालचे असेल, तर तुम्ही पैसे मोजून जुना दोष घरी आणाल. हा दोष कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून हमखास कळतोच असे नाही; वरच्या रिंगा धड असल्या की आकडे चांगले येतात, आणि व्यापारी नेमके तेच दाखवतो.

सकाळी धूर येतो आणि मग थांबतो, या लक्षणावरून पहिला संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या रबरी टोप्यांवर) जातो. रात्रभरात हेडमधले (इंजिनाच्या वरच्या भागातले) ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरते आणि सुरू करताच जळते. सील बदलणे हे पूर्ण इंजिनकामापेक्षा कितीतरी कमी खर्चाचे आहे; त्याआधी इंजिनाची वाफ फिरवणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. एवढे करूनही ऑइल कमी होत राहिले, तर हेड उतरवून बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या पोकळीचे) माप घ्यावे. ते मर्यादेत असेल, तर सुधारित पिस्टन आणि नव्या रिंगा बसवून तुमचेच इंजिन ठेवावे, असे माझे मत आहे. बोअर घासला असेल तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा, कारण या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले लायनर (सिलिंडरची आतली अस्तरे) पातळ आहेत आणि ते सरसकट बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठे करून, चालत नाहीत.

आणि ती वेळ आलीच, तर आयातीचे कागद व बिल मागावे. इंजिन ऑटोमॅटिक गाडीतून निघालेले असेल, तर तुमच्या गाडीचे फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) त्यावर चढवावे लागते. इंजिन क्रमांक आरसी पुस्तकात असल्याने आरटीओची मंजुरी व नोंद, तसेच विमा कंपनीला कळवणे, हे टाळता येणार नाही. बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची आपल्याकडची सवयही सोडावी. क्षार साचून वैशाखात भुसावळ-जळगावच्या उन्हात नवे-जुने कोणतेही इंजिन तापते.

प्रश्न : अशाच इंजिनाच्या जपानी माहितीपत्रकात लिटरला 16 किलोमीटर ॲव्हरेज लिहिले आहे. तेवढे मिळेल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : बहुधा नाही. तो आकडा जपानच्या जुन्या ‘10-15’ चाचणीतला असावा. त्या चाचणीत गाडी रोलरवर, आधीच तापलेल्या इंजिनाने, कमाल ताशी 70 किलोमीटरपर्यंतच चालवली जात असे. तो आकडा पूर्ण गाडीचा असतो. वजन, गिअरबॉक्स आणि टायर बदलले की तोही बदलतो. टाकी काठोकाठ भरून 300 किलोमीटर चालवावे, त्याच पंपावर पुन्हा भरावी आणि चाललेल्या किलोमीटरला या वेळी भरलेल्या लिटरने भागावे.