अडुळसा खोकल्यावर खरोखर गुणकारी आहे का, आणि तो कोणी घेऊ नये?

होय, विशेषतः छातीत कफ दाटून तो सुटत नसेल अशा खोकल्यावर. आयुर्वेदात ‘वासा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या झुडपाचे ताजे पान नुसते ठेचले तर रस फारसा निघत नाही, म्हणून पाने आधी वाफवून, मग कुटून फडक्यातून पिळतात आणि तो हिरवागार, अतिशय कडू रस मधातून थोडा थोडा चाटवतात. दमा आणि रक्तपित्त (नाका-तोंडावाटे वगैरे रक्त पडण्याचा विकार) यांवरही वैद्य तो परंपरेने देत आले आहेत.

पानांतील व्हॅसिसीन या अल्कलॉइडमुळे (वनस्पतीत आढळणाऱ्या एका प्रकारच्या रसायनामुळे) श्वासनलिका सैलावण्यास मदत होते. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे आजचे सर्रास वापरले जाणारे औषध याच घटकाच्या रचनेवरून तयार झाले, आणि मला हाच या वनस्पतीच्या गुणाचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

मात्र व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी अडुळसा कोणत्याही स्वरूपात घेऊ नये. एक वर्षाखालील बाळाला मधही देऊ नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर काढ्यावर विसंबून न राहता क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी.