काळ्या रानात शेडखाली खडी टाकू की मुरूम?

घरामागं दहा बाय बाराची पत्र्याची शेड मारायचीय, जमीन काळी आहे, तर खाली कोणत्या मापाची खडी टाकावी, असं तुम्ही विचारलंय. काळ्या जमिनीत भरावाला खडी टाकूच नका. मुरूम टाका. हेच मी आमच्या दाजींना आठ वर्षं सांगतोय.

आमचं घर औसा तालुक्यात. अवजारं अन् सोयाबीनची पोती ठेवायला परसात शेड काढली. दाजी बांधकामाचे ठेके घेतात, त्यामुळं अशा कामात घरात त्यांचाच शब्द चालतो. मी मुरूम म्हणत होतो. ते म्हणाले, "मुरूम म्हणजे मातीच की. खडी भर, हलायचं नाव घेणार नाही." दीड फूट खोदलं, चाळीस एमएमची खडी गच्च भरली, वर चार इंच काँक्रीटचा कोबा केला. उन्हाळाभर काम देखणं दिसत होतं.

आषाढात दार लागेना. पागोळ्या दाराच्या बाजूला पडायच्या आणि त्याच बाजूनं कोबा उचलला होता. उंबऱ्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत चीर गेली, तीत दहाचं नाणं उभं राहायचं. खालची पोती ओली. शेवटी पहारीनं कोपरा फोडला, तर पाऊस उघडून चार दिवस झाले तरी खडीत वीतभर पाणी साचलेलं. काळी माती पाणी खाली जाऊ देत नाही. तिच्यात खड्डा काढून खडी भरली की तो हौदच होतो. कडेची माती ते पाणी पिते अन् फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा कोबा कितीही जाड करा, तो फुटणारच.

दाजी म्हणाले, सिमेंट हलकं लागलं.

सगळं उपसून मी पुन्हा केलं. तीन फुटांवर पक्का मुरूम लागला, तिथपर्यंत काळी काढली. मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी, मग धुमसानं चोप. जोतं जमिनीपासून नऊ इंच वर घेतलं अन् चारी बाजूंनी बाहेर उतार दिला.

तुमच्या मापाला दीड फूट भराव धरला तर 180 घनफूट, म्हणजे 1.8 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट); काळी जास्त खोल लागली तर त्या हिशोबानं वाढवा. चोपल्यावर बसतो, म्हणून सव्वादोन ब्रास सांगा. ट्रॅक्टर रिकामा करण्याआधी मूठभर मुरूम भिजवून गोळा करा. हाताला चिकटला अन् उन्हात वाळून दगडासारखा झाला, तर त्यात माती आहे, परत पाठवा. चांगला मुरूम बोटांत खरखर लागतो आणि वाळलेला गोळा चुरडला की सुटतो.

खडी कोब्याच्या काँक्रीटला लागेलच, ती वीस एमएमची घ्या. वाटेवर चिखल नको असेल तर मुरमावर खडी आणि क्रशरची कच मिसळून दाबा. नुसती एका मापाची खडी पायाखाली सरकते, नदीचे गोटे तर त्याहून जास्त.

जुन्या वाड्याचा घडीव काळा दगड पडून असेल तर जोत्याला सिमेंटमध्ये जरूर वापरा. 1993 च्या भूकंपापासून आमच्या भागात दगड म्हटलं की लोक दचकतात, अन् ते साहजिक आहे. पण जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड, अवजड भिंतींनी. तशा भिंती शेडलासुद्धा नकोत.

एक राहिलं. तुमची जागा माळाची, मुरमाड असेल तर एवढी खोदाई लागत नाही, वरची माती खरवडली तरी भागतं. आणि पत्र्याऐवजी विटांच्या भिंती घेणार असाल तर पाया इंजिनिअरला दाखवा.

दाजी अजून सिमेंटलाच दोष देतात. त्याच ट्रॅक्टरमधल्या उरलेल्या पोत्यांत आम्ही पुढचा ओटा केला होता, जुन्या घराच्या मुरमाच्या भरावावर. त्याला आजवर केसाएवढी चीर नाही.