‘फुल-बॉडीड’ वाइन: पूर्णदेही की भरदार?

प्रश्न असा आला आहे: “‘फुल-बॉडीड रेड वाइन’साठी एका लेखात ‘पूर्णदेही लाल मद्य’ असं वाचलं आणि खटकलं. दुसरा शब्द आहे का? आणि अशी वाइन कडू म्हणायची की तुरट?”

खटकणारच. इथे बॉडी म्हणजे देह नव्हे, घोट तोंडात घोळवल्यावर जिभेला जाणवणारं वजन. गाईचं आणि म्हशीचं दूध पाठोपाठ पिऊन पाहा, चव कळायच्या आधी जो फरक कळतो तो हाच. वाइनमध्ये तो मुख्यतः अल्कोहोलमुळे आणि द्राक्षातून उतरलेल्या अर्कामुळे येतो. १३.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या लाल वाइन बहुधा या गटात धरतात.

‘दाट’ म्हणावं, तर वाइन काही बासुंदीसारखी ओघळत नाही. ‘जड’ म्हटलं की पोट आठवतं. ‘कडक’ चहाला शोभतो, पण दारूच्या बाबतीत त्याचा अर्थ फक्त ‘चढणारी’ एवढाच उरतो. मला ‘भरदार’ पटतो. भरदार छाती, भरदार बांधा असं आपण म्हणतोच, म्हणजे मूळ शब्दातलं अंगही त्यात न सांगता येतं. हलकी, मध्यम, भरदार अशी चढती भाजणीही नीट लागते.

आता कडू की तुरट. इथे मी आग्रही आहे: तुरटच. काळ्या द्राक्षाची सालं आणि बिया रसाबरोबर आंबतात, त्यांतून टॅनिन नावाचं तुरट द्रव्य उतरतं. ओक झाडाच्या लाकडी पिंपात वाइन मुरवली, तर त्यातूनही थोडं येतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, मग तोंड कोरडं पडतं आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात. जांभूळ, सुपारी, हिरडा यांचा अनुभव हाच. बिनदुधाचा चहा फार उकळला की तुरट लागतो आणि दूध घातलं की निवळतो, तेही टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून.

षड्रसांत याला ‘कषाय’ म्हणतात. मात्र संस्कृत नावं वापरताना जपावं. आपला ‘कडू’ आला ‘कटु’वरून, पण संस्कृतात कटु म्हणजे तिखट. सुंठ, मिरी, पिंपळी यांना ‘त्रिकटु’ म्हणतात ते त्यामुळेच. कडूला तिथे ‘तिक्त’.

एक शब्द मात्र स्वयंपाकघरातून उचलाच: ‘मिळून येणं’. आमटीत डाळ एकीकडे, पाणी एकीकडे राहिलं की आपण म्हणतो, मिळून आली नाही. वाइनमध्येही आंबटपणा, तुरटपणा, लाकडाचा वास वेगवेगळे जाणवत राहिले, तर याहून नेमकं काय म्हणणार? शिराझ या काळ्या द्राक्षाच्या नाशिककडच्या एखाद्या तरुण वाइनबद्दल मी असं लिहीन: “भरदार आहे. वासाला काळी मिरी. तुरटपणा ठसठशीत, हिरड्यांवर रेंगाळतो. लाकूड अजून मिळून आलेलं नाही. वर्षभर ठेवून पुन्हा चाखावी.”